विमानाची पारख

वाराणसीस मणिकर्णिकेपासून गंगेच्या ओघाबरोबर पुढे जाऊ लागले, म्हणजे प्रथम शिंद्यांचा घाट लागतो, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो, आणि त्यानंतर थोड्याच अंतरावर पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या दिसू लागतात. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा येथे संगम आहे, अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. घाटावरील बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेले. आणि पायऱ्यांजवळ जो दगडी दीपस्तंभ उभा आहे, ज्याला लोक 'हजारा' म्हणतात, तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातून काशीस गेलेल्या माणसाला हा घाट परका वाटत नाही तो यामुळे.

आश्विनी पौर्णिमा उलटली की या घाटावर उंच उंच बांबू उभे राहतात. बांबूच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून दोरी आणि दोरीला वेताची लहानशी टोपली. टोपलीत तेलाचा दिवा ठेवावयाचा आणि दोरी ओढून तो वर चढवावयाचा. हे आकाशदिवे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ते पितरांसाठी लावले जातात; परलोकीच्या वाटेवर त्यांना उजेड मिळावा, ही त्यामागची भावना. दिवा चढविणारे हात मात्र भावनेइतकाच बांबूचाही विचार करतात. बांबू फार बारीक असेल तर वाऱ्याने झुकतो, जड असेल तर उभा करता येत नाही. टोपली बंद असावी तर दिवा गुदमरतो, अगदी उघडी असावी तर तो विझतो. आणि मुख्य म्हणजे दिवा एकदा वर गेला की काम संपले असे होत नाही; तेल संपते, वात जळून जाते आणि टोपली पुन्हा सुखरूप खाली आणावी लागते.

आकाशात काही पाठवावयाचे, तर ते कशातून पाठवावे, हा प्रश्न माणसाला विमान उडू लागल्यावर नव्याने पडला. आणि योगायोग असा की हिंदुस्थानात तो पहिल्यांदा ठळकपणे पडला तो पंचगंगेच्या पाच नद्यांपैकी एकीच्या काठावर. काशीच्या वर सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर प्रयाग आहे. तेथे १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके नावाच्या तेवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने यमुनेवरून टपाल नेले. हे उड्डाण गंगेवरून झाले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु पेके उतरला तो नैनीस, आणि नैनी यमुनेच्या पलीकडे आहे. सरकारी परवानगीने विमानातून टपाल नेण्याचा जगातील तो पहिला प्रसंग होय.

त्या वर्षी अलाहाबादेस संयुक्त प्रांताचे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाचे आकर्षण म्हणून कॅप्टन वॉल्टर विंडम या इंग्रज गृहस्थाने विमाने बोटीने आणविली, आणि त्यांच्याबरोबर पेके व कीथ डेव्हिस हे वैमानिक आले. विमाने बांधली होती कॉव्हेंट्रीच्या हंबर कंपनीने. ही कंपनी मूळची सायकली आणि मोटारगाड्या बनविणारी. हवेत उडण्याचा नवा धंदा चालतो की काय, हे पाहावे म्हणून तिने हे काम अंगावर घेतलेले. खाजगी कंपनी, तिची निरनिराळ्या घडणीची विमाने आणि ती उडविण्यासाठी आणलेले वैमानिक, असा हा सारा प्रकार होता. पुढे पन्नास-साठ वर्षांनी याच गोष्टीला फार मोठे रूप आले.

विमाने दोन तऱ्हांची होती. एक एकपंखी, लुई ब्लेरिओच्या धर्तीची. ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी अशाच विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली होती, आणि त्यामुळे त्या आकृतीभोवती एक वलय निर्माण झाले होते. दुसरे द्विपंखी, रॉजे सोमेरच्या धर्तीचे. दिसण्यात ते बेढब. वर एक पंख, खाली एक पंख, मध्ये काठ्या आणि तारा; एंजिन मागे, आणि वैमानिक खालच्या पंखाच्या पुढील कडेला उघड्यावर बसलेला. एकपंखी विमान सुबक आणि चपळ. परंतु त्या काळची एंजिने पन्नास अश्वशक्तीच्या आसपासची. त्यांच्या जोरावर वैमानिकाखेरीज आणखी काही उचलावयाचे, तर पंखांचे क्षेत्रफळ हवे. दोन पंखांना ते अधिक मिळते, आणि जमिनीवर येताना वेगही कमी ठेवता येतो. पेकेने टपालासाठी घेतले ते द्विपंखी विमान.

टपालाची कल्पना निघाली तीही एका साध्या गरजेतून. हॉलंड नावाच्या एका धर्मोपदेशकाला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी पैसा उभा करावयाचा होता. पत्रामागे सहा आणे जादा घेऊन ही पत्रे हवेतून पाठवावी, असे ठरले. पत्रे जमली सुमारे साडेसहा हजार. पोलोच्या मैदानावरून पेके निघाला आणि सहा मैलांचे अंतर तेरा मिनिटांत काटून नैनीस उतरला. पुढे ती पत्रे नेहमीच्याच मार्गाने, म्हणजे आगगाडीने, आपापल्या गावी गेली. हवेतून झालेला प्रवास असा नाममात्रच. परंतु पत्रांवर जो खास शिक्का मारला गेला, त्यामुळे ते पाकीट जपून ठेवावे असे लोकांना वाटले, आणि अशी पाकिटे जपून ठेवणारे संग्राहक आजही आहेत.

या प्रसंगानंतर वीस वर्षे हिंदुस्थानातील हवाई टपाल फारसे पुढे सरकले नाही. ते सरकले मुंबईत. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईच्या फ्लाइंग क्लबात वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा, ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेला वैमानिक या देशात गावोगाव विमानाचे खेळ करीत हिंडत होता. इंग्लंडहून येणारे टपाल कराचीस उतरते आणि तेथून पुढे आगगाडीने रखडत येते. ते कराचीहून मुंबईमार्गे मद्रासेस विमानाने न्यावे, ही योजना त्याने टाटांपुढे ठेवली. सरकारने मदत म्हणून एक रुपयाही देऊ केला नाही. नेलेल्या टपालाचे भाडे तेवढे द्यावयाचे कबूल केले. टाटा सन्समध्ये विमानखाते उघडले गेले, भांडवल सुमारे दोन लाख रुपयांचे. आता विमान कोणते घ्यावयाचे?

पैशाला पासरी मिळणारे विमान तेव्हाही नव्हते, आणि दोन लाखांत फार मोठे काही घेता येण्याजोगे नव्हते. निवड झाली ती डी हॅविलंड कंपनीच्या पुस मॉथची. तीन माणसांपुरते हे लहान विमान, एकच एंजिन, १२० अश्वशक्तीचे. ताशी शंभर मैलांच्या आसपास चाल. त्या काळच्या अनेक विमानांत वैमानिक उघड्यावर बसे. पुस मॉथला मात्र बंद खोली होती. पंख डोक्यावर असल्यामुळे खालचा मुलूख स्पष्ट दिसे. ज्या वैमानिकाजवळ रेडिओ नाही, ज्याला नदी, किनारा आणि लोहमार्ग पाहूनच वाट काढावयाची आहे, त्याला या गोष्टीचे मोल मोठे. कराची ते मुंबई या वाटेवरून उडताना खाली कच्छचे रण, मग गुजराथ, मग समुद्रकिनारा; खाली दिसले नाही तर विमान कितीही वेगवान असून काय उपयोग?

परंतु या विमानाची एक काळी बाजू होती आणि ती वैमानिकांना ठाऊक होती. १९३० पासून निरनिराळ्या देशांत पुस मॉथ विमाने हवेतच मोडून पडण्याचे अपघात झाले होते. वेगात असताना किंवा खवळलेल्या हवेत पंख तुटत. बरीच चौकशी झाली. पंखाला खालून आधार देणारा जो दांडा, त्याचे थरथरणे हा दोष सापडला, आणि त्या दांड्याला आणखी एक लहान आधार जोडून तो दूर करण्यात आला. नवे विमान पारखताना वैमानिक एंजिनाचा आवाज ऐकण्याआधी असे जोड आणि दांडे बोटांनी चाचपून पाहतात, ते उगीच नव्हे. कागदावरचे आकडे कारखानदार देतो; दांड्याचे थरथरणे मात्र कोणाच्या तरी जिवावर बेतल्यानंतर समजते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटा कराचीहून पुस मॉथ घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादेस उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी ते जुहूच्या मैदानावर आले. तेथून व्हिन्सेंटने दुसऱ्या विमानाने टपाल पुढे नेले, बेल्लारीस मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठली. जुहूचे हे मैदान म्हणजे समुद्राकाठची सखल जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, आणि मग सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. मोठे, जड विमान घेतले असते तर त्याची चाके त्या चिखलात रुतली असती. पहिल्या वर्षी या लहानशा विमानांनी एक लाख साठ हजार मैल उड्डाण केले, दहा टनांहून अधिक टपाल नेले आणि १५५ उतारू नेले. उतारू टपालाच्या पिशव्यांबरोबर बसत. सोय पाहिली जाई ती पिशव्यांची आधी.

पुढे लेपर्ड मॉथ आले, फॉक्स मॉथ आले, माइल्स कंपनीचे मर्लिन आले, अमेरिकेतील वॅको आले. प्रत्येकाचे गुण-अवगुण निराळे. फॉक्स मॉथमध्ये उतारू पुढे बंद खोलीत बसत आणि वैमानिक त्यांच्या मागे, वर, उघड्यावर. भाडे भरणाऱ्याला सावली आणि हाकणाऱ्याला ऊन, ही व्यवस्था टांग्याचीच म्हणावी. टाटांच्या मनात मॉथ जातीच्या विमानांविषयी ममत्व कायम राहिले असावे. त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. विमान होते लेपर्ड मॉथ.

दुसरे महायुद्ध संपले आणि विमानांच्या बाजाराचे रूपच पालटले. अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने हिंदुस्थानात शेकड्यांनी पडून राहिली होती. ती स्वस्तात विकली गेली आणि ठिकठिकाणी नव्या खाजगी हवाई कंपन्या निघाल्या. ज्याला विमान घ्यावयाचे, त्याला आता पारख करण्याचे कारणच उरले नाही: बाजारात डाकोटा होते म्हणून डाकोटा घ्यावयाचे. तरीही हे विमान वैमानिकांना प्रिय झाले. दोन एंजिने, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीचे. कच्च्या मैदानावर उतरण्याची ताकद. आणि दोष असले तरी सर्वांना ठाऊक असलेले दोष.

याच डाकोटांच्या बळावर १९४९ साली नागपूरला एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघावे, चारही विमानांनी मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यावे, तेथे पिशव्यांची अदलाबदल व्हावी आणि पहाटे प्रत्येक विमान आपल्या गावी परत पोचावे, अशी ती योजना. नकाशावर पाहिले तर नागपूर चारही शहरांच्या मध्यावर आहे. परंतु मध्यावर आहे हे दिसणे निराळे, आणि रोज रात्री चार दिशांनी चार विमाने अंधारातून तेथे येऊन उतरविणे निराळे. आरंभी हे काम एका खाजगी कंपनीने जानेवारीत सुरू केले. ते बंद पडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशन या दुसऱ्या खाजगी कंपनीने ते पुन्हा हाती घेतले. १९५३ साली आठ खाजगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तीत हिमालयन एव्हिएशनही होती, आणि रात्रीचे टपाल इंडियन एअरलाइन्सकडे आले. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाई. जादा आकार नाही, खास तिकीट नाही. पेकेच्या पाकिटाला सहा आणे पडले होते.

नागपूरच्या धावपट्टीवर या कामाची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९५३ मध्ये रात्रीच्या टपालसेवेचे एक डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि तेरा माणसे दगावली. दोन एंजिनांच्या विमानाविषयी वैमानिक पहिला प्रश्न विचारतो तो हा की, विमान नुकतेच जमीन सोडीत असताना, पूर्ण भरलेले असताना एक एंजिन बंद पडले तर दुसऱ्याच्या जोरावर ते वर चढते की नाही? भरलेले डाकोटा उकाड्याच्या दिवसांत चढे ते फार सावकाश. उष्ण हवा विरळ असते. तीत पंखाला आधार कमी मिळतो आणि एंजिनाला दमही कमी मिळतो. दोन एंजिने असणे ही सुरक्षितता खरी, पण एकावर भागते तेव्हाच.

आता गोष्ट समुद्रापलीकडे जाते, आणि तेथेही ती एका टपालाच्या वैमानिकाचीच आहे. चार्ल्स लिंडबर्गचे नाव अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडणारा म्हणून १९२७ पासून जगाला माहीत आहे. त्याआधी तो एका खाजगी कंपनीचा टपाल वैमानिक होता. सेंट लुई ते शिकागो ही त्याची वाट. १९२६ च्या दोन महिन्यांत त्याला दोनदा छत्रीच्या साहाय्याने विमानातून उडी टाकावी लागली, कारण खाली धुके होते आणि टाकीतले पेट्रोल संपले होते. विमान वर राहू शकते तेवढाच वेळ आपला आहे, ही गोष्ट त्याला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

१९६० च्या सुमारास मोठमोठ्या उद्योगपतींसाठी लहान जेट विमाने बनू लागली. लॉकहीडचे जेटस्टार होते, इंग्लंडच्या डी हॅविलंडचे १२५ होते, लियर नावाच्या अमेरिकन उद्योजकाचे विमान तयार होत होते. पॅन अमेरिकन या खाजगी हवाई कंपनीने असली विमाने विकण्याचे खाते काढावयाचे ठरविले, आणि कोणते विमान घ्यावे हे पाहण्यासाठी जी माणसे युरोपात गेली, त्यांत लिंडबर्ग होता. मे १९६३ मध्ये बोर्दोच्या विमानतळावर त्याने मार्सेल दासो यांच्या कारखान्याचे मिस्तेर २० हे विमान पाहिले. त्या महिन्याच्या ४ तारखेलाच ते प्रथम उडाले होते. आपल्याला हवे ते विमान सापडले, असे त्याने न्यूयॉर्कला कळविले, असे सांगतात. पॅन अमेरिकनने ४० विमाने मागविली आणि आणखी १२० घेण्याचा हक्क राखून ठेवला.

परंतु पसंती म्हणजे आहे ते मुकाट्याने उचलणे नव्हे. एंजिने बदलून अधिक जोराची, जनरल इलेक्ट्रिकची, बसवावी लागली. चाकांची रचनाही पालटली. मूळ विमानाला प्रत्येक पायाला एकेक चाक होते, पुढे प्रत्येक पायाला दोन झाली. दोन चाकांवर भार वाटला गेला की मऊ धावपट्टीही विमानाला सोसते. आतील गालिचे आणि मद्याची कपाटे यांविषयी ज्यांना बोलावयाचे होते ते बोलले असतील. वैमानिकाने मागितली ती एंजिने आणि चाके. अमेरिकेत या विमानाला फाल्कन, म्हणजे ससाणा, हे नाव मिळाले.

या ससाण्याच्या नशिबी मात्र एक गंमत लिहिलेली होती. उद्योगपतींच्या आरामासाठी जन्मलेले हे विमान दहा वर्षांनी ओझ्याचे जनावर झाले. १७ एप्रिल १९७३ रोजी अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस कंपनीने आपले काम सुरू केले, ते चौदा फाल्कन विमानांवर. त्या पहिल्या रात्री १८६ पार्सले पंचवीस शहरांत पोचविली गेली. मेंफिस हे मधले शहर. सर्व शहरांतून विमाने रात्री तेथे यावयाची, पिशव्यांची अदलाबदल व्हावयाची आणि पहाटेपूर्वी परतावयाचे. नागपूरला चोवीस वर्षांपूर्वी जे घडत होते, तेच हे. नव्या व्यवस्थेसाठी फाल्कनच का निवडले, याचे उत्तर हवेत नसून कायद्यात होते. खास परवान्यावाचून ओझे वाहणाऱ्या लहान विमानांवर साडेसात हजार पौंडांची मर्यादा होती. त्या मर्यादेत बसून जास्तीत जास्त ओझे पळविणारे विमान म्हणून फाल्कन घेतले गेले. मोठे दार पाडण्यासाठी त्याच्या पोटाला छेद द्यावा लागला, तेवढेच.

१९६४ साली अमेरिकेत आणखी एक प्रकार सुरू झाला. विमान विकत न घेता त्याचे उड्डाण भाड्याने घ्यावे, यासाठी एक कंपनी निघाली, आणि तिने लियर विमाने आणली. पुढे एकाच विमानात अनेक मालकांची भागीदारी असण्याची पद्धत पडली. अशा कंपन्या आज बऱ्याच आहेत, भारतातही आहेत, आणि त्यांच्या ताफ्यात आठ-दहा आसनी लहान जेटपासून महासागर एका दमात ओलांडणाऱ्या प्रचंड जेटपर्यंत विमाने असतात. तेथे नोकरीस आलेल्या वैमानिकापुढे प्रश्न पडतो तो हा की, आपण कोणत्या विमानाचे शिक्षण घ्यावे?

हा प्रश्न किरकोळ नाही. एका जातीच्या जेटचे शिक्षण घेऊन परवान्यावर नोंद झाली, म्हणजे दुसऱ्या जातीचे जेट चालविण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी पुन्हा शिकावे लागते, पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि त्याचा खर्च लाखांनी असतो. शिवाय विमानाबरोबर आयुष्याची घडीच ठरते. लहान जेट घेतले तर दिवसातून चार ठिकाणी उतरावे लागते. सामान स्वतः चढवावे, उतरवावे लागते. पण अनेकदा रात्री घरी पोचता येते, आणि इतक्या वेळा उतरल्यामुळे हात तयार होतो. मोठे जेट घेतले तर पगार मोठा, विमान भव्य; पण एकेका खेपेस दहा-दहा दिवस परदेशात जातात, आणि कित्येकदा उड्डाण एक आणि वाट पाहणे नऊ दिवस असा हिशेब असतो. तरुण वैमानिक प्रथम मोठ्या विमानाकडे पाहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. घरी लहान मूल असलेला वैमानिक फार वेळ लहान विमानाकडे पाहत राहतो.

मालकाची दृष्टी याहून निराळी. त्याला वेग हवा, उभे राहता येईल एवढी उंची हवी, मुंबईहून निघून मध्ये न थांबता दूर जावे एवढा पल्ला हवा. वैमानिक धावपट्टीची लांबी विचारतो. महाराष्ट्रापुरते पाहावे. कोल्हापूरच्या विमानतळाचे उद्घाटन १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात झाले. काशीच्या घाटाचे नाव जिला आहे, अशी पंचगंगा नदी त्या शहराजवळून वाहते. तेथील धावपट्टी अनेक वर्षे चौदाशे मीटरांपेक्षा थोडी कमीच होती. पूर्ण भरलेल्या जेटला, त्यातून मे महिन्याच्या दुपारी, एवढी जमीन अपुरी. म्हणून पंखा फिरविणारी टर्बाइन एंजिने असलेली किंग एअरसारखी विमाने अशा ठिकाणी वर्षानुवर्षे वापरली गेली. ताशी दीड-दोनशे मैलांचा वेग सोडून दिला, पण उतरावयास जमीन मिळाली. याउलट वाराणसीजवळचा बाबतपूरचा विमानतळ, ज्याला २००५ पासून लालबहादूर शास्त्रींचे नाव आहे, त्याची धावपट्टी कोल्हापूरच्या त्या धावपट्टीच्या जवळजवळ दुप्पट. तेथे हा प्रश्न येत नाही. तेथे प्रश्न येतो उन्हाळ्याचा. जूनमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो, आणि मग धावपट्टी आहे तेवढीच असली तरी हिशेबात ती आखूड होते. अशा दिवशी वैमानिक सांगतो, दोन माणसे कमी न्या, नाहीतर पेट्रोल कमी भरा आणि वाटेत उतरा. मालकाला हे रुचत नाही. चांगल्या कंपनीत हा शब्द वैमानिकाचा चालतो. ज्या कंपनीत चालत नाही, तेथील विमान कोणतेही असो, ते घेऊ नये, असे अनुभवी वैमानिक तरुणांना सांगतात.

महाराष्ट्रातून काशीस जाणारे यात्रेकरू परतताना गंगेची कावड घेत. नाथांच्या कावडीची गोष्ट तर घरोघर ठाऊक आहे. बांबूच्या दोन टोकांना दोन घडे, आणि ते घेऊन शेकडो कोस चालावयाचे. एका बाजूस पाणी जास्त झाले की चार कोसांत खांदा भरून येई, म्हणून निघण्यापूर्वी तोल पाहत, रिकाम्या रस्त्यावर पन्नास पावले चालून पाहत. जेटच्या वैमानिकाला उड्डाणापूर्वी उतारूंचे, सामानाचे आणि पेट्रोलचे वजन मांडून तोलाचा जो तक्ता भरावा लागतो, तो या पन्नास पावलांहून वेगळा नाही. एवढेच की कावडीचा तोल वाटेत सावरता येतो.

पंचगंगा घाटावर पूर्वी उंचावरून सारी काशी पाहण्याची एक जागा होती. बिंदुमाधवाचे जुने देऊळ पाडून औरंगजेबाच्या काळात जी मशीद उभी राहिली, तिचे दोन मनोरे दुरून दिसत आणि 'माधवरायाचा धरारा' म्हणून ओळखले जात. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टाकसाळीत होता, तेव्हा त्याने मनोऱ्यांची डागडुजी केली. १९४८ साली त्यांतील एक कोसळला, आणि दुसराही धोक्याचा म्हणून सरकारने उतरवून घेतला. आता घाटावर सर्वांत उंच असतात ते कार्तिकातले बांबू. १९८० च्या दशकात येथूनच देवदिवाळीची प्रथा पुन्हा जोमाने सुरू झाली. त्या दिवशी देशभरातून माणसे काशीस येतात, काही खाजगी विमानांनीही बाबतपूरला उतरतात. घाटावर त्या रात्री हजाऱ्याचे दिवे लागतात. आणि पायऱ्यांच्या कडेला कोणीतरी दोरी सैल सोडून टोपली हळूहळू खाली घेत असतो. वाऱ्याने ती फिरू नये म्हणून एक हात वर धरून उभा असतो, आणि ती हाताशी आली की वात सारून तेल घालतो.